रात्री 12 वाजून 10 मिनिटांनी

शनिवार, 10 मार्च 1888, दुपार

न्यूयॉर्कमध्ये तापमान दहा अंश सेल्सियसच्या पुढे गेलं होतं. गेल्या सतरा वर्षांतला सर्वांत सौम्य हिवाळा सरत आला होता. जाड कोट कपाटात गेले होते. बर्नमची सर्कस शहरात आली होती आणि सोमवारी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खेळ होता.

ग्रँड स्ट्रीटवरच्या रिडली या मोठ्या दुकानाच्या खरेदी अधिकाऱ्याने बर्फ उपसायची तीन हजार लाकडी फावडी स्वस्तात मिळाली म्हणून उचलली. मोसम संपता संपता हा माल घेतल्याबद्दल त्याची चेष्टा झाली. पुढच्या हिवाळ्यात खपतील, एवढाच त्याचा हिशोब होता.

शनिवार, रात्र

ब्रॉडवेवर 120 क्रमांकाच्या इक्विटेबल इमारतीच्या माथ्यावर वेधशाळेचं ठाणं होतं. हवामानाचं काम तेव्हा लष्कराच्या सिग्नल सर्व्हिसकडे होतं. देशभरातल्या दीडशेहून जास्त ठाण्यांतून दिवसाला तीन वेळा तारेने आकडे येत आणि त्यांवरून नकाशे काढले जात. न्यूयॉर्कच्या ठाण्याचा प्रमुख होता सार्जंट इलायस डन.

नकाशावर कमी दाबाचे दोन पट्टे दिसत होते. एक उत्तरेला, मोठ्या सरोवरांच्या बाजूला. त्याच्यामागे कॅनडाची कोरडी, बोचरी थंडी होती. दुसरा दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखाताकडून बाष्प घेऊन निघालेला. दोघांमध्ये शेकडो मैलांचं अंतर. पहिला सरोवरांवरच विरेल आणि दुसरा समुद्रात निघून जाईल, असं धरून अंदाज तयार झाला: पूर्वेचा वारा आणि पाऊस, सोमवारी थंड पश्चिमी वारा, आकाश निरभ्र.

हा अंदाज अडाणीपणाचा नव्हता. हाती असलेल्या आकड्यांवरून बहुतेकांनी हेच लिहिलं असतं. खोट होती ती पुढच्या आकड्यांची वाट न पाहण्यात.

शनिवार, रात्री 12

ठाण्याला कुलूप लागलं. रविवार प्रभूचा, म्हणून सुट्टी. ठाणं उघडणार होतं संध्याकाळी पाचला. सतरा तास.

याच खात्याच्या नावावर दोनच महिन्यांपूर्वीची एक नोंद होती. 12 जानेवारीला डाकोटा आणि नेब्रास्काच्या माळरानावर असंच अचानक हिमवादळ कोसळलं. थंडीच्या लाटेचा इशारा वेळेत पोचला नाही आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. त्यांत शाळेतून घरी निघालेली मुलं बरीच होती. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली होती. हिमवादळ ही पश्चिमेकडच्या माळरानाची भानगड आहे, अशी शहराची समजूत होती.

रविवार, 11 मार्च, दुपार

पाऊस. आधी रिपरिप, मग मुसळधार.

दक्षिणेचा पट्टा किनाऱ्याच्या कडेकडेने वर सरकला होता आणि उत्तरेची थंडी त्याला येऊन भिडली होती. डेलावेअर उपसागराच्या तोंडाशी ल्यूस इथल्या धक्क्याच्या आश्रयाला आलेली जहाजं एकमेकांवर आदळू लागली. डझनावारी जहाजं फुटली किंवा किनाऱ्यावर फेकली गेली.

हे न्यूयॉर्कला कळायला हवं होतं. पण ओल्या बर्फाच्या ओझ्याने दक्षिणेकडच्या तारा खांबांसकट कोसळत होत्या. तार तुटली की ती तुटल्याची बातमीही येत नाही.

रविवार, संध्याकाळी 5

डनने ठाणं उघडलं. दिवसभराचे आकडे मागायला वॉशिंग्टनशी संपर्क करून पाहिला. वॉशिंग्टन गप्प. दक्षिणेकडची ठाणीही गप्प.

शनिवारचा अंदाज तसाच राहिला. सोमवारच्या अंकांचे खिळे जुळवणाऱ्यांच्या हातात तोच होता.

इथे तारांबद्दल थोडं सांगायला हवं. मॅनहॅटनच्या रस्त्यांवर तेव्हा नव्वद फुटांपर्यंत उंचीचे लाकडी खांब उभे होते. एकेका खांबावर आडव्या पट्ट्यांच्या रांगा आणि त्यांवर तार, टेलिफोन, विजेचे दिवे, आगीची घंटा असं सगळ्यांचं एकत्र जाळं. काही रस्त्यांवर मान वर केली तर आकाशाच्या चिंध्या दिसत. पाच लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांतल्या सगळ्या तारा 1 नोव्हेंबर 1885 च्या आत जमिनीखाली न्याव्यात, असा कायदा राज्याच्या विधिमंडळाने 1884 मध्येच केला होता. कंपन्यांनी खर्च दाखवला, तांत्रिक अडचणी दाखवल्या, कोर्टाची दारं ठोठावली. मुदत उलटून दोन वर्षं चार महिने झाले होते.

दुसरा कागद आणखी ताजा होता. 31 जानेवारीला महापौर एब्रम ह्युइट यांनी शहराच्या पैशाने नवी जलद रेल्वे बांधायचा प्रस्ताव मांडला होता. तिचा बराच भाग जमिनीखालून जाणार होता. सेकंड, थर्ड, सिक्स्थ आणि नाइन्थ ॲव्हेन्यूंवर लोखंडी खांबांवरून धावणाऱ्या वाफेच्या गाड्या, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘एल’, शहराला पुऱ्या पडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. प्रस्ताव फायलीत होता.

सोमवार, 12 मार्च, रात्री 12 वाजून 10 मिनिटं

पावसाचा बर्फ झाला.

शहर झोपलेलं होतं. वारा वायव्येकडे फिरला आणि पारा उतरू लागला. दिवसभराच्या पावसाने भिजलेले रस्ते, रूळ, तारा आणि सांधे गोठले. बर्फ त्यांच्यावर साचत गेला.

सोमवार, पहाटे 6

दारं उघडेनात. उघडली तिथे बाहेर पांढरी भिंत. बर्फ सरळ पडत नव्हता, आडवा येत होता. एका फुटपाथवर जमीन उघडी, समोरच्या फुटपाथवर पहिल्या मजल्यापर्यंत ढीग.

आता लाखो घरांत एकच प्रश्न होता: जायचं का? न्यूयॉर्कची वस्ती पंधरा लाखांच्या आसपास आणि नदीपलीकडे ब्रुकलिन हे वेगळं शहर, आठ लाखांचं. शिवणाच्या कारखान्यातली मुलगी, दुकानातला विक्रेता, कचेरीतला कारकून यांना खाडा म्हणजे पगाराला कात्री आणि कदाचित नोकरीलाही. वर्तमानपत्रात लिहिलं होतं की आकाश निरभ्र होणार. मार्चचा बर्फ, दुपारपर्यंत वितळेल. निघाले.

ज्यांच्या दारात त्या दिवशी ‘हेरल्ड’ पोचला, त्यांना त्यात वॉल्ट व्हिटमन यांची एक छोटी कविता वाचायला मिळाली. विषय होता वसंतातलं पहिलं रानफूल. संपादकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानेही वेधशाळेवरच विश्वास ठेवला होता.

सोमवार, सकाळी साडेसातच्या सुमाराला

थर्ड ॲव्हेन्यू, 76 वा रस्ता. एलची एक गाडी स्टेशनाजवळ अडकून उभी होती. मागून दुसरी आली. रुळांवर बर्फाचा थर, ब्रेक धरेनात आणि समोरचं काही दिसेना. मागच्या इंजिनाचा चालक ठार झाला. डझनाहून जास्त प्रवासी जखमी झाले.

गाड्या बंद करण्याचा हुकूम तरीही लगेच निघाला नाही. ज्या निघाल्या त्या दोन स्टेशनांच्या मध्ये थांबल्या आणि तिथेच राहिल्या.

सोमवार, सकाळी 9 नंतर

चारही मार्ग ठप्प. रस्त्यापासून दोन-तीन मजले उंचीवर, गोठलेल्या लोखंडावर उभ्या असलेल्या डब्यांत सुमारे पंधरा हजार माणसं अडकली होती. खाली उतरायला जिना नाही आणि रुळांवरून चालत स्टेशन गाठायचं तर वारा माणसाला उचलून फेकत होता.

मग शिड्या आल्या. ज्यांच्याकडे लांब शिडी होती त्यांनी ती डब्याला लावली आणि भाव सांगितला. कुठे पन्नास सेंट, कुठे दोन डॉलर. साध्या मजुराची दिवसाची कमाई दीड डॉलरच्या आसपास होती. काहींनी पैसे दिले. काहींनी डब्यातच बसून राहणं पसंत केलं आणि कुणी तरी दोरीने वर चढवलेली कॉफी आणि दारू घेतली.

रस्त्यावरच्या घोड्यांच्या ट्राम चालकांनी जागच्या जागी सोडल्या. घोडे सोडून तबेल्यांकडे नेले, जे नेता आले ते. गोठून मेलेल्या चिमण्या वळचणींखाली पडल्या होत्या. उत्तरेकडून ग्रँड सेंट्रलला येणाऱ्या आगगाड्या स्पायटन डायव्हिलच्या खिंडीतल्या बर्फात रुतल्या होत्या.

सोमवार, सकाळी 10

शेअर बाजार उघडला. अकराशे सभासदांपैकी तिसेक हजर होते. दुपारी बाजार गुंडाळला.

ब्रुकलिनच्या पुलावर केबलच्या गाड्या थांबल्या आणि पोलिसांनी पायवाटही बंद केली. वाऱ्यात माणूस कठड्याला धरूनही उभा राहीना. पूल 24 मे 1883 रोजी खुला झाला होता. तेव्हा तो जगातला सर्वांत लांब झुलता पूल म्हणून गाजत होता आणि आता दोन्ही टोकांना अडलेल्या माणसांपैकी कुणाच्याही उपयोगाचा नव्हता. फेरीबोटींपैकी ज्या सुटल्या त्यांना पलीकडचा धक्का दिसत नव्हता.

सोमवार, दिवसा कधीतरी

इक्विटेबलच्या छतावरचं वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र बर्फाने जाम झालं. आकडे थांबले. अंदाज आधीच हुकला होता. आता निदान नोंद तरी राहावी, एवढंच डनच्या हातात उरलं होतं.

ठाण्यावर फ्रान्सिस लाँग नावाचा माणूस होता. 1881 मध्ये लेफ्टनंट अडॉल्फस ग्रीली यांच्या ध्रुवीय मोहिमेत पंचवीस जण गेले होते. तीन वर्षांनी त्यांतले सहा जिवंत घरी आले आणि लाँग त्यांच्यापैकी एक. ग्रीलीही त्यांच्यापैकी एक, आणि 1888 मध्ये ते वॉशिंग्टनला याच सिग्नल सर्व्हिसचे प्रमुख होते. ध्रुवाजवळच्या थंडीत उपासमारीतून वाचलेल्या माणसाच्या खात्याने न्यूयॉर्कला पाऊस सांगितला होता. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. बर्फ म्हणजे काय हे त्या खात्यात वरपासून खालपर्यंत माहीत होतं. फक्त रविवारी तिथे कुणी नव्हतं.

लाँग छतावर गेला. यंत्र एका उंच, बारीक खांबाच्या टोकाला होतं. खाली ब्रॉडवे. वाऱ्याचे झोत शहरात ताशी सव्वाशे किलोमीटरच्या घरात गेल्याच्या नोंदी आहेत. तो खांबावर चढला, यंत्र मोकळं केलं आणि खाली उतरला. पाती पुन्हा फिरू लागली.

सोमवार, दुपार

पारा उतरतच होता. रात्रीपर्यंत तो उणे 13 अंशांवर जाणार होता.

चौदाव्या रस्त्यावरच्या मेसीज दुकानाने कामावर पोचलेल्या मुलींना घरी पाठवायचा विचार केला आणि सोडून दिला. दुकानात खाटा मांडल्या. त्या रात्री मुली तिथेच झोपल्या. बाकीच्या मालकांपैकी अनेकांनी दुपारी लवकर सुट्टी जाहीर केली. हेतू चांगला होता. पण त्याचा परिणाम असा झाला की सकाळी कशीबशी पोचलेली माणसं, भिजलेल्या कपड्यांनिशी, वादळ ऐन भरात असताना पुन्हा रस्त्यावर आली.

गरीब वस्त्यांत कोळसा बादलीने विकत घेण्याची पद्धत होती, कारण गाडीभर घ्यायला पैसा आणि जागा दोन्ही नसत. रोज एक बादली. सोमवारी दहा सेंटची बादली डॉलरपर्यंत चढली, आणि मग कोळसाच मिळेना. दूध आगगाडीने येई. गाडी आली नव्हती.

सोमवार, संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला

वॉल स्ट्रीट. रॉस्को काँक्लिंग कचेरीतून खाली उतरले. वय 58. चौदा वर्षं न्यूयॉर्कचे सिनेटर, रिपब्लिकन पक्षातलं एकेकाळचं मोठं प्रस्थ, सर्वोच्च न्यायालयाची खुर्ची नाकारलेला माणूस. आता वकिली. धिप्पाड, तब्येतीचा अभिमान बाळगणारे. त्या दिवशी कोर्टात त्यांची तारीख होती म्हणून ते आले होते.

सोबत त्याच इमारतीतला एक तरुण वकील होता, विल्यम सल्झर, चोविशीतला. दोघांनी भाड्याची गाडी पाहिली. गाडीवाल्याने पन्नास डॉलर मागितले. काँक्लिंग यांच्यासाठी ही रक्कम अडचणीची नव्हती. ती त्यांना लूट वाटली. चालत जायचं ठरलं. मॅडिसन स्क्वेअरजवळचा त्यांचा क्लब साडेचार किलोमीटरच्या आसपास होता, सगळा रस्ता ब्रॉडवेने सरळ.

काही चौक गेल्यावर ॲस्टर हाउस हॉटेल लागलं. सल्झर तिथे थांबला. हॉटेल माणसांनी खचाखच भरलेलं होतं, पण उबदार होतं. काँक्लिंग पुढे निघाले.

दिवे नव्हते. विजेच्या तारा एक तर पडल्या होत्या किंवा धोका नको म्हणून बंद केल्या होत्या, आणि गॅसचे दिवे लावणारे पोचले नव्हते. युनियन स्क्वेअरच्या मोकळ्या जागेत काँक्लिंग यांना वाट सापडेना. बर्फाच्या ढिगात ते काखेपर्यंत रुतले. पापण्यांवर बर्फ गोठला. त्या ढिगातून बाहेर यायला सुमारे वीस मिनिटं गेली. तिथून क्लब अर्धा-पाऊण मैल होता.

निघाल्यापासून तीन तासांनी ते क्लबच्या दारात पोचले आणि कोसळले.

सोमवार, रात्र

मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बर्नमने खेळ रद्द केला नाही. हजारोंच्या जागेत शंभरेक प्रेक्षक बसले होते.

हॉटेलांत न्हाव्याच्या खुर्च्या आणि बिलियर्डची टेबलंही झोपायला दिली गेली. पोलिस चौक्यांनी दारं उघडली. दारूची दुकानं भरली होती आणि त्यांतून ऊब घेऊन बाहेर पडलेले काही जण पुढच्या वळणापर्यंतही गेले नाहीत. बर्फाचे ढीग हलवले गेले तेव्हा ते सापडले.

मंगळवार, 13 मार्च, सकाळ

ईस्ट रिव्हरवर भरतीसोबत आलेले बर्फाचे मोठे तुकडे मॅनहॅटन आणि ब्रुकलिनच्या मधे घट्ट अडकले. लोकांनी पाहिलं आणि चालू लागले. शेकडो, मग हजारो. वर पूल बंद, खाली नदीवरून रहदारी. धक्क्यावरून बर्फावर उतरायला इथेही शिडीवाले होतेच. इथे दर काही सेंट होता.

मग ओहोटी लागली. बर्फाचा सांधा सुटला आणि बरेच जण वेगवेगळ्या तुकड्यांवर दक्षिणेकडे वाहू लागले. टग बोटींनी त्यांना उचललं.

बोस्टन साडेतीनशे किलोमीटरवर. जमिनीवरची एकही तार शाबूत नव्हती. बोस्टनचे निरोप समुद्राखालच्या केबलने लंडनला गेले आणि लंडनहून न्यूयॉर्कला आले. पाण्याखालची तार चालू होती.

रिडलीची तीन हजार फावडी संपली.

मंगळवार ते गुरुवार

बुधवारी पहाटे बर्फ थांबला. सेंट्रल पार्कमध्ये नोंद झाली 21 इंच. आकडा ऐकायला फार मोठा वाटत नाही. उत्तरेला ऑल्बनीत 48 इंच आणि ट्रॉयमध्ये 55. न्यूयॉर्कला मारलं ते जाडीने नाही, वाऱ्याने.

शहराने हजारो मजूर लावले. त्यांत नुकतेच उतरलेले इटालियन बरेच होते. गाड्या भरभरून बर्फ नदीत ओतला गेला. काही ठिकाणी ढिगांतून बोगदे खणले, काही ठिकाणी ढिगांवर शेकोट्या पेटवल्या. कुणी तरी एका ढिगात पाटी रोवली: गवतावर चालू नये.

क्यूबाचे कवी होझे मार्ती तेव्हा न्यूयॉर्कमध्ये निर्वासित होते. ब्युनॉस आयर्सच्या वर्तमानपत्रासाठी त्यांनी 15 तारखेला या वादळाचा वृत्तान्त लिहून काढला. 

मोजदाद सावकाश झाली. एकट्या न्यूयॉर्कमध्ये सुमारे दोनशे मृत्यू, सगळ्या पूर्व किनाऱ्यावर चारशेच्या वर. दोनशेच्या आसपास जहाजं फुटली किंवा किनाऱ्याला लागली आणि त्यांवरचे किमान शंभर खलाशी गेले.

18 एप्रिल 1888

काँक्लिंग काही दिवसांनी कामावर परतले होते. त्या रात्रीची हकिगत त्यांनी वार्ताहरांना सांगितलीही होती. मग कान दुखू लागला. गळू आतपर्यंत गेलं, शस्त्रक्रिया झाली, उपयोग झाला नाही. वादळाच्या बळींच्या यादीत बहुधा त्यांचं नाव शेवटचं धरलं जातं.

16 एप्रिल 1889

नवे महापौर ह्यू ग्रँट यांच्या हुकमाने युनियन स्क्वेअरपाशी तारांचा पहिला खांब तोडला गेला. विजेच्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि त्यांनी मनाई हुकूम आणला. काम रेंगाळलं.

11 ऑक्टोबर 1889 रोजी, जेवणाच्या सुट्टीच्या वेळी, सिटी हॉलजवळ तारांच्या जाळ्यात काम करणारा एक लाइनमन विजेचा धक्का बसून मेला. त्याचं शरीर बराच वेळ वर लटकत राहिलं आणि खाली हजारोंचा जमाव ते पाहत होता. डिसेंबरमध्ये कोर्टाने मनाई उठवली. खांब तोडण्याचं काम पुन्हा सुरू झालं.

ह्युइट यांच्या प्रस्तावातली जमिनीखालची रेल्वे प्रवाशांना खुली झाली 27 ऑक्टोबर 1904 रोजी, संध्याकाळी 7 वाजता. ह्युइट त्याच्या आदल्या वर्षी वारले होते.